तीन शिवणींचा नगारा

एका राज्यात सिंहासन एक आणि भाऊ दोन होते. एवढं सांगितलं की निम्मं दुःख सांगून झालं. उरलेलं निम्मं ऐका.

थोरला अजयसेन गादीवर बसला. धाकटा जयसेन सात वर्षं त्याच्या उजव्या हाताशी बसला, आणि आठव्या वर्षी उठून, निम्मी फौज घेऊन नदीपलीकडे गेला. मग लढाई जुंपली. परक्याशी लढाई असती तर बरं होतं. इथं अलीकडच्या लेकी पलीकडे दिलेल्या, पलीकडचे भाचे अलीकडे चाकरीला. रणात पालथा पडलेला माणूस उलटून पाहिला की ओळखीचाच निघे. अशी लढाई जिंकली तरी घरी जाऊन सांगायची कुणाला?

थोरल्याच्या फौजेत एक वस्तू होती, जी धाकट्याकडे नव्हती. ती म्हणजे थोरला नगारा. कोंडाई नावाच्या जाणत्या बाईनं तो मढवला होता. कातडी कमावणं हा तिचा धंदा, आणि मंत्र तिला आईकडून आलेला. पांढऱ्या रानम्हशीचं कातडं तिनं सात कुंडांत सात महिने भिजवलं आणि तांब्याच्या भांड्यावर ताणून बांधलं. तेव्हापासून नगाऱ्यावर ठोका पडला की तो फौजेतल्या प्रत्येक माणसाला छातीत ऐकू येई, मग माणूस डोंगराआड असो की पाण्यात. एखादी तुकडी अडकली तर तिनं शिंग तीनदा फुंकायचं, आणि नगाऱ्यानं एक भारी ठोका द्यायचा. त्या ठोक्याचा अर्थ एकच होता: आलो. तीस वर्षांत एकही शिंग रिकामं गेलं नव्हतं.

नगारा वाजवायचं टिपरू सेनापतीच्या हातात असे. ते एका हातातून दुसऱ्या हातात जायची रीत ठरलेली होती. जुन्या सेनापतीनं आणि नव्यानं, दोघांनी मिळून एकच टिपरू धरायचं, दोघांनी मिळून एक ठोका द्यायचा, आणि मग जुन्यानं आपला हात काढून घ्यायचा. ह्यात मानापमान नव्हता. बाप लेकाला नांगर धरायला शिकवतो तेव्हा जसे दोघांचे हात एकावर एक असतात, तसं ते होतं.

तीस वर्षं ते टिपरू हैबतरावांच्या हातात होतं. फौज त्यांना आबा म्हणे. माणूस शूर, शिस्तीचा, पण मनात धरून ठेवणारा. कोणी कधी काय बोललं, हे त्यांना तारखेसकट आठवे. धाकट्या महाराजांशी झालेल्या पहिल्या दोन लढाया त्यांनी जिंकल्या, आणि तिथंच घोटाळा झाला. लोक रस्त्यात महाराजांचा जयजयकार एकदा आणि आबांचा दोनदा करू लागले. महाराजांनी तो मोजला.

एके दिवशी दुपारी छावणीत स्वार आला. त्याच्या एका हातात पत्र होतं, दुसऱ्या हातात रिकामं ताट आणि त्यावर रेशमी रुमाल. पत्रात लिहिलं होतं, फौजेची नवी मांडणी केली आहे. ह्यापुढे फौजेच्या तीन फळ्या. उजवी सिदोजीची, डावी रायाजीची, पिछाडी हैबतरावांची. तिघांचा दर्जा सारखा, तिघांनी थेट महाराजांचा हुकूम घ्यावा, एकमेकांचा घेऊ नये. नगाऱ्याचे तीन नगारे करावेत, आणि शिंगाऐवजी ज्यानं त्यानं आपला नगारा वाजवावा. पिछाडीनं लेखी हुकमावाचून जागा सोडू नये. टिपरू ताटात ठेवून पाठवावं.

हैबतरावांनी पत्र दोनदा वाचलं. सिदोजीला त्यांनीच घोड्यावर बसायला शिकवलं होतं. रायाजी तर नावाड्याचा मुलगा. दोन वर्षांपूर्वी नदीच्या उतारावर, जिथून लोक पार होतात तिथं, होडी वल्हवत होता, आणि महाराजांना पुरातून काढलं म्हणून सरदार झाला. त्या दोघांच्या रांगेत, आणि तेही मागे! त्यांनी टिपरू ताटात ठेवलं, वर रुमाल टाकला आणि म्हणाले, "घेऊन जा." टिपरू तीस वर्षांनी पहिल्यांदा कुणाचाही हात न धरता गेलं.

कोंडाईला राजवाड्यात बोलावलं. तिनं कातडं कापायच्या आधी हात जोडले.

"महाराज, हे एका जिवाचं कातडं आहे. कापलंत तर तिन्ही तुकडे एकमेकांना विसरतील. एका फळीचा नगारा दुसरीला ऐकू जायचा नाही."

"विसरू देत," महाराज म्हणाले. "एकाच्या हाकेला सगळी फौज उठते, त्याचीच मला भीती आहे."

"आणखी एक सांगते. हे कातडं हाक अर्धवट सोडत नाही. हाक दिली आणि उत्तर आलं नाही, तर उत्तर येईपर्यंत ते हाक देणाऱ्याला धरून ठेवील."

"तू काप."

तिनं कापलं. कापताना कातड्यातून थेंबभर रक्त आलं, ते तिनं पदरानं पुसलं. टिपरू खजिन्यात ठेवलं गेलं, आणि त्याच दिवसापासून राजवाड्यात आवाज उमटेनासे झाले. घंटा हले, वाजत नसे. पायऱ्यांवर पावलं पडत, ऐकू येत नसत. माणसं अगदी जवळ येऊन बोलू लागली. महाराजांना वाटलं, बरं झालं, वाडा शांत झाला.

पुढच्या पंधरवड्यात धाकट्यानं नदीवर चाल केली. रायाजीची डावी फळी उतार अडवून उभी होती. सिदोजी वरच्या अंगाला टेकडीवर, हैबतराव अर्ध्या कोसावर आमराईमागे. सकाळी पहिल्या प्रहरी जयसेनाचे स्वार पाण्यात उतरले, आणि त्यांच्यामागून आणखी, आणि त्यांच्याही मागून आणखी. रायाजी घेरला गेला. त्यानं नगारा वाजवला. तीन तुटक ठोके. अडकलोय, धावा.

पिछाडीतल्या एकाही शिपायाला तो ऐकू आला नाही. कापलेल्या कातड्याचा शापच होता तसा. कोणी घोड्याला खरारा करत होतं, कोणी भाकरी थापत होतं. पण हैबतरावांच्या छातीत ठोका वाजला. तीस वर्षं ज्याच्या हातात तो नगारा होता त्याला तो कसा विसरणार? त्यांचा हात लगामाकडे गेला. मग त्यांना पत्र आठवलं.

दुसऱ्यांदा ठोके आले. त्यांनी कमरेचं पत्र काढलं आणि वाचलं. लेखी हुकमावाचून जागा सोडू नये. अक्षर स्पष्ट होतं. महाराजांना पिछाडी अशीच हवी होती ना? मग घ्या म्हणावं. नावाड्याच्या पोरालाही कळू दे फौज हाकणं म्हणजे वल्हं मारणं नव्हे.

तिसऱ्यांदा ठोके आले, ते पहिल्यासारखे नव्हते. मधला जरा चुकला. हैबतरावांनी पत्राची घडी घातली, घडीवरून नख फिरवलं, आणि पत्र पुन्हा कमरेला खोचलं. त्यांचा स्वतःचा नगारा हाताशी होता. एक ठोका द्यायचा होता. तो त्यांनी दिला नाही.

मग काहीच ऐकू आलं नाही.

दुपारी लोक उतारावर जाऊन पाहतात तर पाण्यात सातशे माणसं उभी. रायाजी, त्याची फळी, आणि त्यांच्याशी भिडलेले पलीकडचे लोकही. सगळे दगडाचे. कुणाचा भाला उगारलेला, कुणी दुसऱ्याचा दंड धरलेला. नदी त्यांच्या गुडघ्यांना वळसा घालून वाहत होती. जयसेनाचे उरलेले लोक घाबरून पलीकडे पळाले होते. त्या दिवशी लढाई कुणीच जिंकली नाही.

हैबतराव कुणाशी काही बोलले नाहीत. नगारा तुम्हाला ऐकू आला होता का, असं कोणी विचारलंही नाही, कारण तो कुणालाच ऐकू येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. शापाच्या आड लपायला किती सोपं असतं! नऊ दिवस ते त्याच्या आड लपून बसले. जेवण जाईना एवढंच.

दहाव्या दिवशी दोन्ही काठांवर लोक जमले. अलीकडच्या आया, पलीकडच्या आया. माणसं दगड झाली म्हणजे गेलीच, असं भटजींनी सांगितलं होतं. सातशे पिंड वाळूवर मांडले, आणि सगळे कावळ्याची वाट बघत बसले. कावळे आले. झाडांवर बसले, वाळूवर उतरले, पिंडांमधून चालत फिरले. एकालाही शिवले नाहीत. ऊन चढलं. बायकांनी ज्याला जे कबूल करायचं ते केलं. गाईला दाणा घालीन म्हणाली एक, धाकटीचं लग्न लावीन म्हणाली दुसरी. कावळे ढिम्म.

रायाजीची आई तान्हाबाई ही नावाडीण. हात वल्ह्यानं घट्टे पडलेले. तिनं एका म्हाताऱ्या, एका डोळ्याच्या कावळ्याला विचारलं, "का रे बाबा, शिवत का नाहीस?"

कावळा म्हणाला, "जित्या माणसाचं अन्न आम्ही खात नसतो, बाई."

काठावर एकच गलका झाला. हैबतराव पुढे आले. त्यांनी कावळ्यापुढे पागोटं काढून ठेवलं.

"जिवंत आहेत?"

"उत्तराची वाट पाहताहेत. हाक दिली आहे, ओ आलेली नाही. तेराव्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत वाट पाहतील. मग दगड तो दगड."

"काय करावं लागेल?"

"नगारा एक झाला पाहिजे. तीन तुकडे मागून आण. हिसकावलेला किंवा हुकमानं आणलेला तुकडा शिवला जात नाही. आणि टिपरू माणसाच्या हातून माणसाच्या हातात आलं पाहिजे, ताटातून नव्हे."

"हे कोणी करायचं?"

कावळ्यानं मान वाकडी करून एका डोळ्यानं त्यांच्याकडे पाहिलं. "ज्यानं ऐकलं त्यानं," तो म्हणाला, आणि उडून गेला.

लोकांना त्याचा अर्थ लागला नाही. तान्हाबाईला लागला की नाही, कोण जाणे. तिनं पागोटं उचलून, वाळू झटकून हैबतरावांच्या हातात दिलं.

अकराव्या दिवशी हैबतराव सिदोजीच्या टेकडीवर गेले. सोबत कुणी नाही, घोडाही नाही. सिदोजी छावणीत हिशोब मांडून बसला होता: रायाजी गेला, आबा म्हातारे झाले, आता तिन्ही फळ्यांना वाली कोण?

"आबा, पायी आलात?"

"मागायला आलोय. तुझा तुकडा दे."

"का देऊ?"

"सातशे माणसं आहेत पाण्यात."

"ती डाव्या फळीची. माझ्याकडे उजवी आहे." एवढं बोलून सिदोजी स्वतःच ओशाळला, आणि ओशाळा माणूस चिडतो तसा चिडला. "आबा, तुम्ही मला सगळं शिकवलंत. आणि काळेगडाची लढाई झाली तेव्हा महाराजांना काय लिहिलंत? 'गड आम्ही घेतला.' तट मी चढलो होतो. माझे चाळीस लोक तटाखाली पडले. तुम्ही तेव्हा खाली नदीत घोड्याला पाणी पाजत होतात."

हैबतरावांना ते पत्र आठवत होतं. त्यातली शाई आठवत होती. अकरा वर्षं झाली. त्यांनी कित्येकदा स्वतःला सांगितलं होतं की 'आम्ही' म्हणजे सगळी फौज.

"गड तू घेतलास, सिदोजी," ते म्हणाले. "मी पत्रात माझं नाव लिहिलं. लिहिताना मला कळत होतं."

सिदोजी उठला. त्यानं नगाऱ्याच्या वाद्या सोडल्या आणि कातड्याचा तुकडा काढला. देताना त्याचा हात थांबला.

"मीही सांगतो. मला नगारा ऐकू आला नाही, हे खरं. पण टेकडीवरून धूळ दिसली होती. रायाजीचं निशाण खाली गेलेलंही दिसलं. मी म्हटलं, बुडू दे. डावी फळी माझ्याकडेच येईल."

"बरं."

"बरं काय, आबा?"

"दुसरं काय म्हणू? चल माझ्याबरोबर."

बाराव्या दिवशी हैबतराव पाण्यात उतरले. रायाजी मधोमध उभा होता. एका हातात त्याच्या नगाऱ्याचं साधं, तुटकं टिपरू, दुसरा हात नगाऱ्यावर, बोटं कातड्यात रुतलेली. तोंड अर्धवट उघडं, नजर आमराईकडे. हैबतरावांना आधी वाटलं होतं की तो शत्रूकडे बघत असेल.

त्यांनी कातडं ओढून पाहिलं. बोटं दगडाची. हळूच म्हणाले, "रायाजी, तुकडा दे." काही झालं नाही. "महाराजांच्या नावानं मागतो." काही झालं नाही. पाणी गार होतं आणि म्हाताऱ्याचे गुडघे दुखत होते. काठावर सिदोजी उभा होता, तान्हाबाई उभी होती, दोन्हीकडचे लोक होते. इतके दिवस जे दातांखाली धरलं होतं ते आता काढायचं होतं, आणि तेही सगळ्यांच्या देखत.

"मला ऐकू आलं," हैबतराव म्हणाले. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाले. "तीनही वेळा ऐकू आलं, रायाजी. घोड्यावर खोगीर होतं. महाराजांनी मला मागे टाकलं त्याचा राग तुझ्यावर काढला मी. पत्राची घडी घालत बसलो."

बोटं उघडली. एकेक करून, सावकाश, आणि कातडं पाण्यात पडायच्या आत हैबतरावांनी ते झेललं. ते बाहेर आले तेव्हा लोकांनी बाजूला होऊन वाट दिली, आणि त्या वाटेनं चालणं त्यांना कुठल्याही लढाईपेक्षा जड गेलं. तान्हाबाई जागची हलली नाही. ती एवढंच म्हणाली, "उद्या सूर्य मावळायच्या आत या, आबासाहेब. आता तरी वेळेवर या."

तेराव्या दिवशी सकाळी ते राजवाड्यात पोचले. घंटा हलत होत्या, आवाज नव्हता. महाराज रिकाम्या दरबारात बसले होते. हैबतराव अगदी जवळ जाऊन उभे राहिले, कारण त्याशिवाय बोलणं पोचतच नव्हतं.

"महाराज, टिपरू हवं आहे."

"पुन्हा सेनापती व्हायचंय?"

"नाही. एक ठोका द्यायचा आहे."

महाराज थकलेले दिसत होते. "हैबतराव, ज्याला मी मांडीवर खेळवलं तो भाऊ निम्मी फौज घेऊन गेला. सख्खा भाऊ गेला, मग तुमच्यावर भरवसा का ठेवावा?"

"ठेवू नये, महाराज. मी हाक ऐकली आणि गेलो नाही."

महाराजांनी मान वर केली. त्यांना हे नवीन होतं. बारा दिवस सगळे त्यांना सांगत होते की दोष नदीचा, दोष शापाचा, दोष रायाजीच्या अननुभवाचा.

"तुम्ही फौज घेऊन निघून जाल, ही भीती होती मला," ते सावकाश म्हणाले. "तुम्ही जागेवर बसून राहाल, हे मनातही आलं नव्हतं. जागेवर बसा, असं मीच लिहिलं होतं."

"होय, महाराज."

"वाचलं असेल तुम्ही. दोनदा."

"तीनदा."

महाराज स्वतः उठून खजिन्यात गेले. टिपरू घेऊन आले, पण हैबतरावांच्या हातात लगेच दिलं नाही. दोघांनी मिळून ते धरलं. तिथं नगारा नव्हता, म्हणून दोघांनी मिळून सिंहासनाच्या लाकडी पायावर एक ठोका दिला. तो वाजला. कित्येक दिवसांनी राजवाड्यात पहिला आवाज झाला. मग महाराजांनी आपला हात काढून घेतला.

"मी येतो," ते म्हणाले. "घोडी काढा."

उतारावर कोंडाई तुकड्यांची वाट बघत बसली होती. हैबतरावांनी आपल्या नगाऱ्याचं कातडं स्वतः सोडलं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. तिन्ही तुकडे ओले करून तिनं वादीनं शिवायला घेतले. बोटं म्हातारी, पण टाका सरळ. सूर्य आमराईच्या शेंड्याला टेकला तेव्हा तिसरी शिवण पुरी झाली. तांब्याच्या जुन्या भांड्यावर कातडं ताणलं, आणि ती बाजूला झाली.

हैबतरावांनी सिदोजीला जवळ बोलावलं. दोघांनी एकच टिपरू धरलं, वर म्हातारा हात, खाली तरणा हात. एक भारी ठोका दिला. आलो.

आणि हैबतरावांनी आपला हात काढून घेतला.

नगाऱ्याला आता पूर्वीचा नाद नव्हता, शिवणींची घरघर होती त्यात. पण तो सगळ्यांच्या छातीत वाजला. अलीकडच्या, पलीकडच्या आणि पाण्यातल्या. दगड सुटले. सातशे माणसं एकदम श्वास घेतात तो आवाज ज्यांनी ऐकला ते तो विसरले नाहीत. उगारलेले भाले खाली आले, कारण ज्याच्यावर उगारले त्याच्याशेजारी तेरा दिवस एकाच पाण्यात उभं राहिल्यावर मारायची इच्छा उरत नाही. लोक एकमेकांना धरून काठाकडे येऊ लागले.

पण कोंडाईची जादू काळ थांबवणारी होती, जखम भरणारी नव्हती. दगड होण्याआधी ज्याला वार बसला होता त्याच्या अंगातून आता रक्त वाहू लागलं. अशी साठ माणसं वाचली नाहीत. पहिल्या हाकेला कोणी गेलं असतं तर ह्यातल्या एकालाही वार लागला नसता. दुसरीला गेलं असतं तरी दहा-वीसच गेले असते. हे हैबतरावांना कुणी सांगावं लागलं नाही.

रायाजीच्या बरगडीत भाला लागला होता. तिसऱ्या हाकेत मधला ठोका चुकला तो त्याच वेळी. हैबतरावांनी आणि तान्हाबाईनं त्याला वाळूवर आणलं. आईच्या मांडीवर डोकं, आणि चेहरा अगदी पोरगेला. पोरच होतं ते.

"आबा," तो म्हणाला, "काल पाण्यात बोललात ते मी ऐकलं."

"मला क्षमा—"

"मी वाट बघत होतो. तुम्ही याल असं वाटत होतं. तुमच्याइतका फौजेचा माणूस कोण होता?" त्याला दम लागला. "नुसता एक ठोका दिला असता तरी चाललं असतं, आबा. यायला उशीर झाला असता तरी आम्ही तग धरला असता. कोणी येतंय एवढं कळायला हवं होतं."

हैबतराव बघतच राहिले, आणि रायाजी गेला. आयुष्यभर बोलणी तारखेसकट लक्षात ठेवणाऱ्या माणसाला ऐन वेळी एक शब्द सापडला नाही.

पुढचं लवकर सांगतो, कारण ते चांगलं आहे. पाण्यातून आलेल्या दोन्हीकडच्या माणसांनी लढायला नकार दिला. अजयसेन आणि जयसेन उतारावर भेटले, तान्हाबाईच्या होडीत बसून बोलले, आणि नदीच्या दोन्ही काठांचं राज्य दोघांच्या शिक्क्यानं चालू लागलं. पुन्हा दोन फळ्या, तीन फळ्या झाल्या असतील, पण नगारा एकच राहिला. सिदोजी सेनापती झाला. महाराजांनी फौजेला पाठवलेल्या नव्या पत्रात त्यानं एक ओळ घालायला लावली: हाक ऐकू आली तर कुणाची, कुठल्या फळीची, हे विचारू नये, आणि लेखी हुकमाची वाट पाहू नये. काळेगड कुणी घेतला हेही दप्तरात दुरुस्त झालं. ते दुरुस्त व्हावं म्हणून हैबतराव स्वतः चिटणिसाकडे जाऊन बसले होते.

रायाजीच्या दहाव्याला मुलगा नव्हता, भाऊ नव्हता. तान्हाबाई हैबतरावांच्या दारात आली आणि म्हणाली, "तुम्ही ठेवा पिंड." त्यांनी डोकं भादरलं, मिशी उतरवली, आणि वाळूवर पिंड ठेवला. इतर एकोणसाठ पिंडांना कावळे केव्हाच शिवले होते. रायाजीचा तसाच होता. तो एका डोळ्याचा कावळा समोर येऊन बसला, आणि बघत राहिला.

"तुझ्या आईला मी सांभाळीन," हैबतराव म्हणाले.

कावळा हलला नाही.

"उताराला तुझं नाव देऊ. दोन्ही महाराजांनी कबूल केलंय."

कावळ्यानं चोच पंखाला पुसली.

"आता शब्द राहिला नाही रे माझ्याकडे. काय हवंय तुला?"

तान्हाबाई मागे उभी होती. ती रडत नव्हती. ती हळूच म्हणाली, "आबासाहेब, लहान होता तेव्हा पलीकडच्या काठावरून हाक मारायचा. मी कामात असले की गप्प राहायची. तेवढ्यानं तो घाबरायचा. त्याला होडी लगेच नको असायची."

हैबतरावांना कळायला थोडा वेळ लागला. मग ते गुडघ्यांवर बसले. दोन्ही हात तोंडाशी नेले, उताराकडे तोंड केलं, आणि ज्या आवाजानं तीस वर्षं फौजा हलवल्या होत्या त्या आवाजानं ओरडले:

"ओ, रायाजी! ओ!"

पलीकडच्या काठावरून तो आवाज परत आला. कावळा दोन पावलं चालला, आणि पिंडाला शिवला.

हैबतराव उठले. वाळूवरची दर्भाची काडी, रिकामी पत्रावळ, तांब्या, सगळं त्यांनी नीट गोळा केलं. तान्हाबाईनं होडी पाण्यात ढकलली आणि दुसरं वल्हं त्यांच्याकडे दिलं. म्हाताऱ्याला ते धरता येईना, म्हणून तिनं वरून आपला हात ठेवला.

हाकेची गोष्ट 'ओ'पाशी संपते, तशी ही संपली. ज्यांना ओ वेळेवर देता आली, त्यांचं राज्य सुखात राहो.